एका लाटेची वाटणी

ज्या संध्याकाळी माझ्या घराचं दार तोडलं गेलं, त्या संध्याकाळी मला काहीही झालेलं नव्हतं.

बसव जयंती होती. सगळं गडहिंग्लज मिरवणुकीत होतं. गुडघ्यांमुळे मी काही गेले नव्हते. अंघोळ करून, कपाळाला भस्म लावून, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन मधल्या खोलीत बसले होते. आम्हा लिंगायतांची ही रोजची, सकाळ-संध्याकाळची पूजा. गळ्यातलं लिंग तळहातावर घ्यायचं, पाणी, भस्म, बेलपान वाहायचं आणि मग त्याच्याकडे बघत राहायचं. बस्स, बघत राहायचं. माझा नेम असा, की पूजा पुरी होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही आणि लिंग हातावरून खाली ठेवायचं नाही. अशा वेळी श्वास आपोआप बारीक होत जातो. इतका, की आपला आपल्यालाच कळत नाही.

धाडकन आवाज झाला. कडी निखळली. शेजारचे मल्लाप्पा पहार घेऊन आत आले, त्यांच्या मागे रुग्णवाहिकेतली तरुण डॉक्टरीण, तिच्या मागे स्ट्रेचर घेतलेली दोन माणसं.

"पेशंट कुठंय? ह्या का? बाई, माझा आवाज येतोय का तुम्हाला?"

चांगला येत होता. पण बोलायचं कसं? मी डोळे मोठे करून मान हलवली.

तेवढ्यात मल्लाप्पांची बायको राजव्वा धापा टाकत आली. "अगं ए, चपला काढ आधी! पूजा चाललीय दिसंना व्हय?"

"आजी, यांचा श्वास थांबल्याचा इशारा आलाय आम्हाला."

"श्वास थांबल्यावर माणूस असं डोळं वटारून बघंल व्हय तुझ्याकडं?"

डॉक्टरणीनं खरंच बूट काढले. माझा उजवा हात धरून नाडी बघितली, बोटाला चिमटा लावला. तिचा चेहरा सैल होत गेला. पाच माणसं माझ्यापुढे उभी आणि मी तळहातावर शिव घेऊन बसलेली. पूजा पुरी केली, लिंग कपड्यात गुंडाळून गळ्यात घातलं, नमस्कार केला आणि मग विचारलं, "चहा टाकू का सगळ्यांना?"

राजव्वा खाली बसून हसायला लागली. डॉक्टरीणही हसली. मल्लाप्पा मात्र तुटलेली कडी हातात घेऊन ओशाळे होऊन उभे होते.

इशारा दिला होता तो 'चाहूल'नं. आता घरोघरी विजेच्या मीटरसारखी ही डबी असते, त्यामुळे फार सांगायला नको. पण माझ्याकडे ती आली तेव्हा गावात नवी होती आणि माझ्या मुलीनं, नीलूनं, ती स्वतः बसवून दिली होती. नीलांबिका तिचं पूर्ण नाव. बंगळूरला ज्या कंपनीत ही गोष्ट घडवली तिथंच ती काम करते. मी तीस-बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. पट्टणशेट्टी आडनाव मुलांना झेपत नसे, म्हणून मी सगळ्यांची पट्टणबाई. तरी हे मला पुन्हा विद्यार्थिनी होऊन समजून घ्यावं लागलं.

नीलूनं सांगितलं ते असं. तेलघाण्याच्या गच्चीवर जो टॉवर आहे, त्याच्या लाटा आपलं बोलणं वाहून नेतात. जाता जाता त्या भिंतींना, भांड्यांना, माणसांना आपटून परत येतात. इतकी वर्षं तो प्रतिध्वनी वाया जात होता. तोच नीट ऐकला, तर खोलीत कोण आहे, बसलंय की पडलंय, छाती वर-खाली होते की नाही, हे सगळं कळतं. वटवाघळाला कळतं तसंच. कॅमेरा नको, अंगावर पट्टा नको. एकच लाट, तिला दोन कामं. बोलणं न्यायचं आणि चाहूल घ्यायची.

"मग अडचण काय?" मी विचारलं होतं. वर्गात हा प्रश्न मी नेहमी विचारायची.

"अडचण वाटणीची," ती म्हणाली. "हवेत जागा तेवढीच. वेळही तेवढाच. आणि अव्वा, दोन्ही कामांचा स्वभाव उलटा आहे. बोलण्याच्या लाटेत दर क्षणी नवीन काहीतरी असावं लागतं. नवीन नसेल तर ती बातमीच नाही. चाहूल घ्यायची लाट मात्र दर क्षणी तीच हवी. अगदी तीच. म्हणजे परत येताना जरा जरी बदलली तर तो बदल माणसामुळे झाला हे कळतं."

मला ते लगेच पटलं. पंचाक्षरीचा जप करताना तेच तर होतं. तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात, म्हणून मन जरा हललं की समजतं. गप्पा मारताना मन कुठं गेलं ते कुणाला कळतं?

बसव जयंतीच्या दिवशी सगळं गाव मिरवणूक आपापल्या लांबच्या लेकरांना दाखवत होतं. लाट बोलण्याकडे ओढली गेली. चाहूलच्या वाट्याला फार थोडं उरलं. त्या थोड्याशा उजेडात तिला माझा बारीक श्वास दिसलाच नाही. मंद आणि थांबलेला यांतला फरक तिला करता आला नाही, म्हणून तिनं भिऊन हाक मारली.

कुणी म्हणेल, एवढंच ना, हसून सोडून द्यायचं. पण नीलू हसली नाही.

तिचे बाबा न्हाणीघरात पडले तेव्हा मी माझ्या भावाकडे संकेश्वरला होते. कुणालाच कळलं नाही. दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानं मल्लाप्पांना हाक मारली, तोवर उशीर झाला होता. आदल्या संध्याकाळी नीलू त्यांच्याशी बोलली होती. ते म्हणाले होते, "मी बरा आहे." हे तीन शब्द तिनं मला किती वेळा सांगितले असतील. त्यानंतर तिनं चाहूलच्या कामात स्वतःला झोकून दिलं. मग माझीही छाती अधूनमधून आवळायला लागली, डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी दिली आणि ती डबी माझ्या घरात आली.

दार तुटल्यावर चार दिवसांनी तिचा फोन आला. "अव्वा, आता असं पुन्हा होणार नाही. तुझं घर जोखमीच्या यादीत घातलंय. टॉवर आधी तुझी चाहूल घेईल, मग उरेल ते बोलण्याला."

"बरं," मी म्हणाले. लेकीला झोप लागत असेल तर माझी ना कशाला असेल?

पुढे पुढे आमचे फोन लहान होत गेले. आवाज तुटायचा. नीलूला त्याचं काही वाटेना, कारण तिच्याजवळ आता माझा आलेख होता. कचेरीतल्या टेबलावर एका कोपऱ्यात माझा श्वास दिवसभर वर-खाली होत असे. एकदा मी तक्रार केली, "परवापासून फोन नाही गं तुझा."

"अगं, बघतेय ना मी तुला. काल दुपारी झोपली होतीस. सकाळी दोनदा परसात गेलीस. छान आहेस."

"हो," मी म्हणाले. परसात का गेले होते ते तिनं विचारलं नाही. निशिगंधाला पहिली दांडी आली होती.

राजव्वाची सून सानिका माझ्याकडे दुपारी यायची. ती जन्मापासून बहिरी. नवरा ओंकारही तसाच. दोघं मिरजेला एका शाळेत शिकली, तिथंच जमलं. तो आता गुजरातेत जहाजं बांधण्याच्या कारखान्यात आहे. सानिका माझ्याकडे बसून वाती वळायची आणि मला खुणांची भाषा शिकवायची. मी फार चुका करायची. एकदा 'पाणी तापलं' म्हणायला गेले आणि काहीतरी भलतंच सांगितलं. ती हसून हसून आडवी झाली होती.

त्या दिवशी मात्र ती हसेना. वाती तशाच मांडीवर. मी खुणेनं विचारलं, काय झालं? तिनं फोन काढून कालचं बोलणं दाखवलं. ओंकारचा चेहरा दिसत होता, पण हात नव्हते. जिथं हात हलायला हवेत तिथं नुसते रंगीत चौकोन. मध्येच एक बोट, मध्येच मनगट. मग चित्र गोठलं, ओंकारचं तोंड उघडं राहिलेलं.

आपलं बोलणं तुटलं तर आपण "हॅलो, हॅलो" करतो. अर्धा शब्द आला तरी उरलेला अंदाजानं भरून काढतो. हाताचं अर्धं चित्र घेऊन काय करायचं?

सानिकानं सावकाश, मला कळेल अशा खुणा केल्या. तो विचारतो, तू रागावलीस का? मी म्हणते, नाही. त्याला माझं 'नाही' दिसतच नाही.

"लिहून नाही का बोलत?" मी खुणेनं विचारलं.

तिनं खांदे उडवले. मग माझा गाल हलकेच थोपटला, राजव्वाचा थोपटते तसा, म्हातारीला समजत नाही म्हणून. लिहिणं तिच्यासाठी परकं होतं. हात हीच तिची जीभ.

हे कधीपासून? मी विचारलं. तिनं तुटलेल्या कडीच्या जागी बसवलेल्या नव्या कडीकडे बोट केलं.

त्या संध्याकाळी माझं मन पूजेत लागेना. लिंगाकडे बघायची आणि मला ते चौकोन दिसायचे. सगळ्या गल्लीवर फिरणारी एक लाट. तिनं माझ्या छातीपाशी येऊन थांबावं, म्हणून एका मुलीचे हात कापले जात होते. आणि ते कुणी मुद्दाम करत नव्हतं. माझ्या लेकीच्या मायेतूनच ते होत होतं.

मी नीलूला फोन लावला. आवाज चिरत होता, तरी सगळं सांगितलं.

"माहीत आहे मला. म्हणजे सानिकाचं नाही, पण असं होणार हे माहीत होतं. कुणाचं तरी चित्र खराब होणार. अव्वा, चित्र खराब झालं तर माणूस मरत नाही."

"संध्याकाळपुरतं तरी सोड. ती दोघं तेव्हा बोलतात."

"संध्याकाळीही पूजा असते तुझी. तेव्हाही श्वास मंदावतो. तीच वेळ सोडू म्हणतेस?"

"हो."

"मग तू एकटी राहू नकोस तिथं. सरळ सांगते. चाहूल कमी केलीस तर मी येऊन तुला बंगळूरला घेऊन जाईन."

हे मात्र मला लागलं. ती ते करेल हे मला माहीत होतं. आणि बंगळूरला अकराव्या मजल्यावर तिचं घर कितीही चांगलं असलं, तरी मला तिथं जाऊन राहायचं नव्हतं. इथं सोमवारी मठात बायकांपुढे मी वचनं वाचते, अर्थ सांगते. भाजीवाली मला विचारल्याशिवाय मेथी देते. इथं मी कुणीतरी आहे. तिथं मी नीलूची आई, आणि दिवसभर वर-खाली होणारी एक रेघ.

तरी दुसऱ्या दिवशी सकाळची पूजा झाली, आणि मी डबीपाशी गेले. कायदा चांगला आहे. आपल्या घरात चाहूल किती घ्यायची याला आपला होकार लागतो. माझ्या घरात तो होकार माझा होता, नीलूचा नव्हे. मी दिवे लागल्यापासून जेवणापर्यंतचा होकार मागं घेतला. डबीनं दोनदा विचारलं, नक्की का? दोनदा हो म्हणाले. देवाला सांगितलं, माझ्या हट्टापायी लेकीला दुःख होऊ देऊ नकोस.

नीलू दोन-तीन दिवसांनी येईल असं वाटलं होतं. ती दुसऱ्याच दिवशी सकाळी आली, रात्रभर गाडी चालवत, केस विस्कटलेले, हातात रिकामी मोठी बॅग.

मी पूजेला बसत होते. तिला खुणेनं बस म्हटलं. ती भिंतीला टेकून समोर बसली. कित्येक वर्षांत तिनं माझी पूजा बघितली नव्हती. बंगळूरला गेल्यापासून तिच्या गळ्यातलं लिंगही कपाटात असतं. मी कधी त्यावरून बोलत नाही, ज्याचं त्यानं ठरवायचं. मी नजर लिंगावर लावली. हळूहळू सगळं शांत झालं. मध्येच जाणवलं, ती गुडघ्यांवर रांगत जवळ आली आहे आणि माझ्या छातीकडे टक लावून बघते आहे, लहानपणी शेजारच्यांच्या पाळण्यातल्या बाळाकडे बघायची तशी.

पूजा झाली. "मला दिसेना," ती म्हणाली. "डोळ्यांनी बघूनसुद्धा दिसेना तुझा श्वास. मी इतकी घाबरले."

"हात लावायचा ना."

"पूजेत कसा लावू?" आणि ती रडायला लागली.

मी तिला स्वयंपाकघरात नेलं. जोंधळ्याची भाकरी, शेंगाचटणी, दही वाढलं. ती न जेवता बोलत राहिली. "बाबा म्हणाले, मी बरा आहे. छातीत दुखत असणार त्यांना, तरी म्हणाले. बोलणं खोटं असतं, अव्वा. माणूस समोरच्याला त्रास नको म्हणून खोटं बोलतो. श्वास खोटं बोलत नाही."

तिचं खरं होतं.

"तेव्हा तुझी डबी असती तर ते वाचले असते," मी म्हणाले. "मी नाही म्हणत नाही."

तिला हे अपेक्षित नव्हतं. तिनं वर बघितलं.

"पण नीलू, तुला माझं सगळं कळतं. मी कधी झोपले, कधी उठले. मला तुझं काय कळतं? तू रोज फोन करायचीस, तेव्हा मी तेच तेच विचारायची. जेवलीस का, काय जेवलीस. तू चिडायचीस, रोज काय तेच. अगं, मी उत्तरासाठी विचारत नव्हते. तेच विचारलं म्हणजे तुझा आवाज कालच्यापेक्षा कसा वेगळा लागला, ते कळायचं मला. तुझ्या लाटेसारखंच. आता माझ्याकडे यातलं काहीच नाही. तू बघतेस आणि मी नुसती दिसते."

तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि हातातच धरून ठेवला. बाहेर राजव्वा मल्लाप्पांवर कशावरून तरी ओरडत होती.

"एक गोष्ट तू विचारात घेतलेली नाहीस," नीलू म्हणाली. आता तिचा आवाज कचेरीतला झाला होता, पण मऊ. "जोखमीच्या घरांना आधी द्यायचं, हा नियम मी लिहिलाय. एका आईसाठी तो बदलता येणार नाही. बदलला तर सगळ्यांसाठी. लोकांनी आपापली वेळ सोडायची म्हटली, की त्या वेळेत कुठंतरी, कुठल्यातरी घरात, कुणीतरी पडेल. आणि कळणार नाही. ते माझ्यामुळे झालं असेल."

"असेल," मी म्हणाले.

"तू असं कसं म्हणतेस?"

"मग कसं म्हणू? तू म्हणतेस तसंच होईल. आणि आत्ताच्या नियमानं कितीजणांचं बोलणं तुटलं असेल, तेही तुझ्यामुळेच. दोन्ही तुझ्याच डोक्यावर आहेत, बाळ. पण कुणाचं किती, हे तू एकटीनं बंगळूरला बसून का ठरवावंस? विचार ना ज्याला-त्याला. त्यांचा जीव आहे, त्यांचं बोलणं आहे."

ती संध्याकाळपर्यंत कुठं गेली नाही. सानिका आली. नीलूनं तिच्याकडून चार-दोन खुणा शिकून घेतल्या आणि माझ्यापेक्षाही वाईट केल्या. सानिकानं कपाळावर हात मारून घेतला. आई तशी लेक, हे कळायला मला खुणांची गरज नव्हती.

सकाळी नीलू निघाली. बॅग रिकामी नेऊ नये म्हणून मी त्यात शेंगदाण्याची पोळी, चटणी, निशिगंधाच्या दांड्या भरल्या. गाडीत बसताना ती म्हणाली, "नियम बदलायचं कचेरीत मांडते. मानतील की नाही माहीत नाही. तोवर तुझा होकार तुझ्याकडे. पण एक वचन दे. मला 'बरी आहे' असं उगाच म्हणणार नाहीस."

"आपल्याकडे खोटं बोलायचं नाही असंच शिकवलंय," मी म्हणाले.

"बाबांनाही तेच शिकवलं होतं," ती म्हणाली, आणि गाडी सुरू केली.

महिन्याभरानं एका संध्याकाळी दिवा लावून वळले आणि छाती आवळली. डाव्या खांद्यापर्यंत कळ आली. मी पायरीवर बसले, राजव्वाला हाक मारली. ती आली, पाठीला हात लावून बसली, डॉक्टरणीला फोन केला. सानिकाची खिडकी समोरच होती. तिच्या हातांच्या सावल्या पडद्यावर भरभर हलत होत्या. गुजरातेत कुणीतरी तिचं म्हणणं पुरतं बघत होतं. माझ्या घराची चाहूल त्या वेळी बंद होती. मी ती चालू करू शकत होते. एक शब्द पुरला असता.

मी नीलूला फोन लावला. नुसत्या आवाजाला फारशी जागा लागत नाही.

"अव्वा! कशी आहेस?"

तोंडाशी आलं होतं. आयुष्यभराची सवय.

"बरी नाही, नीलू. छातीत दुखतंय. खांदाही. राजव्वा जवळ आहे. डॉक्टरीण निघालीय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तिचा श्वास मला ऐकू आला, भरभर, कोंडलेला. मला वाटलं, आता ती म्हणेल चाहूल चालू कर.

"गोळी घेतलीस?"

"घेतेय."

"जिभेखाली ठेव. आता बोलू नकोस. मी बोलते." एवढ्या वर्षांत तिनं मला स्वतःबद्दल कधी काही सांगितलंच नव्हतं. मग तिनं सुरुवात केली. नियमावर कचेरीत फार भांडण झालं. एक वरिष्ठ माणूस तिला भावनाप्रधान म्हणाला, त्यानंतर ती जिन्यात जाऊन रडली. रात्री झोप येत नाही. अकराव्या मजल्यावरून खाली बघितलं की भीती वाटते. दिवसभर आलेखांत माणसं शोधत राहते, पण बोलावंसं वाटत नाही कुणाशी.

राजव्वा माझी पाठ चोळत होती. गोळी कडू, थंड, विरघळत होती. कळ ओसरते की नाही हे मी छातीत बघत होते आणि कान फोनला लागलेले होते.

"ऐकतेस ना, अव्वा?" नीलूनं विचारलं.

मी फोनवर बोटानं दोनदा टकटक केली, आणि ती पुढं सांगू लागली.